रकाना नऊ

एप्रिलअखेर माझ्या टेबलावर चारशे बारा फॉर्म.
गार्डन सिटी, कॅन्सस. नाव बागेचं,
वारा दक्षिणेचा असला की वास कत्तलखान्याचा.
नवरा तिथेच गुरं तपासतो. परभणीला शिकलेला जनावरांचा डॉक्टर,
घरी आला की आधी बूट धुतो, मग बोलतो.

मी हायस्कूलच्या ऑफिसात.
काम सोपं : पोरांनी लिहिलेलं "पुढे काय?"
राज्य सरकारच्या आकड्यांत बसवायचं.
चार वर्षांचं कॉलेज, एक. दोन वर्षांचं, दोन.
सैन्य तीन. नोकरी चार.
मधले सहसा कुणाला लागत नाहीत.
नऊ म्हणजे माहीत नाही.
नऊ फार झाले की प्रिन्सिपॉलबाईंच्या कपाळाला आठी.

लूर्देस अर्रेओलानं आधी पेन्सिलीनं लिहून खोडलंय.
खोडलेल्या जागी "डॉक्टर" अजून वाचता येतं,
त्यावर पेनानं ठळक, "नर्सिंग, दोन वर्षं".
मी दोन टाइप केलं.
कागद उजेडाकडे धरला नसता तर बरं झालं असतं.

टकर अनरू पवनचक्क्यांवर चढणार, दुरुस्तीला. तीनशे फूट.
सहीशेजारी त्याच्या आईनं लिहिलंय,
"मी वर बघणार नाही."

होडान फार्मसीला. खिडकीशी येऊन विचारत होती,
मिस, कॉलेज घरापासून किती मैलांवर असलं की आई रडते,
आणि किती मैलांनंतर
रडून काही उपयोग नसतो?
म्हटलं, माझ्या आईला विचारून सांगते.
हसली ती. मी खरंच विचारणार होते.
रविवारी फोनवर दुसरंच काही निघालं.

से वाहचा फॉर्म कोरा.
आडनाव नसतंच त्यांच्यात. कॉम्प्युटरला हवं होतं,
म्हणून अर्धं नाव तोडून मागे जोडलेलं.
बोलावलं. आला, दारालाच टेकून उभा राहिला.
एकोणीस वर्षांचा. रात्री कत्तलखान्यात यंत्रं धुतो,
पहिल्या तासाला बाकावर डोकं.
बोटांची सालं निघालेली, औषधाच्या पाण्यानं.
"पुढे काय, से?"
त्यानं विचार केला. खराखुरा,
फॉर्म भरताना कुणी करत नाही तसा.
"आधी झोपणार," म्हणाला. "मग बघू."

इंग्रजीतच म्हणाला. पण ते "मग बघू"
मला माझ्या धाकट्या मामाच्या आवाजात ऐकू आलं.

बारावीनंतर माझा फॉर्म दादानं भरला होता,
सुबक अक्षरात, बी.कॉम.
फुली होती तिथे मी सही केली.
झोप आली होती का मला तेव्हा?
आठवत नाही. कुणी विचारलं नव्हतं.

झोपेला आकडा नाही.
नऊ टाकला, पुसला. पुन्हा टाकला.
संध्याकाळी ऑफिस बंद करताना चार केला.
नोकरी तर आहेच की पोराला.

मे महिन्यात स्टेडियम. काळे झगे वाऱ्यानं फुगलेले,
एक हात सतत टोपीवर.
एपासून नावं सुरू, डब्ल्यू यायला पावणेदोन तास.
लूर्देस गेली, होडान गेली,
टकर परत येऊन बसला, जाडजूड हात मांडीवर.

मग से. कुणी उठेना.
खुर्चीत मान कललेली, टोपी नाकावर घसरलेली,
तोंड किंचित उघडं.
चारशे बारा बेतांमधला
पुरा झालेला पहिला.
दोन खुर्च्यांपलीकडून टकरनं हात लांबवला
त्याला हलवायला, आणि तसाच अधांतरी ठेवला.

प्रिन्सिपॉलबाई माइकवर पुन्हा म्हणाल्या, "वाह?"
थांबल्या, कागद बघितला.
मग जरा मोठ्यानं,
"वाह!"

अख्ख्या मैदानात मराठी कळणारी मी एकटी.
मी टाळ्या वाजवल्या.